सुईमावशीचे त्रिकोण

गावात सुईमावशीची सुई न टोचलेला दंड शोधूनही सापडला नसता. बावीस वर्षं ती दवाखान्याच्या प्रयोगशाळेत होती. प्रयोगशाळा म्हणजे जिन्याखालची एक खोली. एक खिडकी, एक बेसिन, एक घरघरणारं यंत्र आणि भिंतीवर एक तक्ता. लोखंडी स्टुलावर बसलेला माणूस मान दुसरीकडे वळवून म्हणायचा, "मावशी, सांगून टोचा हं." मावशी कधीच सांगत नसे. "मुलं किती तुम्हाला?" असं विचारायची आणि माणूस आकडा सांगेपर्यंत काम उरकलेलं असायचं. एकदा एका गवंड्याला आकडा लवकर सांगता आला नाही, तेव्हा दवाखाना आठवडाभर हसत होता.

गाव तेरा हजार फुटांवर. खाली मैदानात दोन श्वासांत जेवढा प्राणवायू मिळतो, तेवढ्यासाठी इथे तीन श्वास घ्यावे लागतात. दुरून डोंगर साजरे म्हणतात ते मावशीला लग्न होऊन इथे आल्यावर दुसऱ्याच दिवशी कळलं. ती खालची, शिकलेली, विज्ञानाची पदवी घेतलेली. नवरा इथला, पिढ्यान्‌पिढ्या इथला. गावाचे नळ आणि पाइप सांभाळणं हे त्याचं काम, म्हणून सगळे त्याला नळवाले म्हणत. पहिल्या दिवशी ती स्वयंपाकघरातून अंगणात गेली आणि भिंतीला धरून उभी राहिली. तो मात्र लोखंडी पाइप खांद्यावर टाकून, शीळ घालत चढण चढत होता. शीळ! तिला श्वास पुरत नव्हता आणि हा माणूस वर त्याची उधळपट्टी करत होता.

पुढे तिला सवय झाली, पण पुरती नाही. ओठांवर निळसर झाक राहिली, सकाळी डोकं जड असायचं, अंगठी बोटात घट्ट व्हायची. स्वतःचं रक्त तिने यंत्रात फिरवून पाहिलं होतं. दाभणाएवढी काचेची नळी, एका टोकाला मातीचं बूच, पाच मिनिटं गरगर. लाल पेशी तळाला बसतात, वर पिवळसर पाणी राहतं. तिच्या नळीत दोन तृतीयांश लाल. नवऱ्याच्या नळीत जेमतेम निम्मं.

तेव्हा दवाखान्यात एक म्हातारे डॉक्टर होते. ते म्हणायचे, "अगं, तुझं शरीर घाबरलंय. हवा कमी म्हणून हमाल वाढवत सुटलंय. हमाल फार झाले की रस्त्यातच गर्दी होते. याच्या वाडवडिलांनी हजारो वर्षं इथे काढली आहेत. त्यांनी हमाल नाही वाढवले, रस्ते रुंद केले." त्यांनीच तिला एक सवय लावली. नोंदवहीत प्रत्येक नावापुढे खूण करायची. डोंगरात जन्मलेल्या घरचा असेल तर त्रिकोण, खालून आलेला असेल तर वर्तुळ. कारण वर्तुळवाल्यांचं रक्त दाट, नळीत लवकर अडतं, हात जपून चालवावा लागतो. एवढंच साधं कारण. बावीस वर्षं ती खुणा करत राहिली. फक्त एका नावापुढची जागा रिकामी होती. तिच्या मुलीच्या. आई वर्तुळ, बाप त्रिकोण. मुलीला काय काढणार?

ती मुलगी जन्मली तेव्हा घाटरस्ता बंद होता, खाली जाता आलं नाही. वजन भरलं एक किलो नऊशे. डॉक्टर म्हणाले, "इथल्या बायकांच्या गर्भाशयाकडे रक्ताचा मोठा कालवा वाहतो. तुझा अजून पाट खणायचा चाललाय. म्हणून बाळ छोटं." बाळ जगेल का, हे त्यांनी सांगितलं नाही, आणि मावशीला विचारायचा धीर झाला नाही. नळवाल्यांनी बाळाला एका तळहातावर घेतलं आणि म्हणाले, "ही तर छटाकभर आहे." झालं, नाव पडलं छटाक.

छटाक वाढली, चढली, उतरली, दोनदा दात पाडून घेतले. पण मावशीच्या डोळ्यांसमोरून ते एक किलो नऊशे हललं नाही. पोरगी पळाली की आई दारात येऊन तिच्या ओठांचा रंग बघायची. ओठ लालच असायचे. तरी बघायची.

म्हातारे डॉक्टर गेले, आणि त्यानंतर खालून तो तक्ता आला. छापील, गुळगुळीत, वर सरकारी शिक्का. जितकी उंची जास्त, तितकं रक्तातलं हिमोग्लोबिन जास्त हवं. या उंचीवर बाईचं साडेपंधराच्या खाली असेल तर ती अशक्त. मावशीने स्वतःच्या हातांनी चार खिळे ठोकून तो भिंतीला लावला. एका दुपारीत निम्म्या गावातल्या बायका अशक्त झाल्या. त्यात तिच्या सासूबाईही होत्या, तेरा पॉइंट दोनवाल्या. निकाल ऐकून त्या पाण्याचे दोन कॅन उचलून चढणीला लागल्या आणि वरून ओरडल्या, "सूनबाई, मी अशक्त आहे ना? मग मागून ये, एक कॅन तू धर!" मावशी कॅन धरायला गेली नाही. गेली असती तर तिलाच धरून आणावं लागलं असतं.

तरीही तिने लोहाच्या गोळ्या वाटल्या. छापलेल्या आकड्यावर तिचा विश्वास होता, आणि घरी एक किलो नऊशेची भीती होती. छटाकला तर चौथ्या वर्षापासून रोज एक गोळी. पोट बिघडो, तोंड वाकडं होवो, गोळी चुकायची नाही.

आता छटाक चोवीस वर्षांची होती आणि तिला घाटातल्या बचाव पथकात जायचं होतं. बर्फाच्या कड्याखाली अडकलेल्या गाड्या, बोगद्यात गुदमरलेली माणसं, वाट चुकलेले प्रवासी, यांना काढून आणणारं पथक. लहानपणापासून तिचं दुसरं काही ठरलंच नव्हतं. यंदा दोन जागा होत्या. पथकप्रमुखाने तिची दोरी, तिच्या गाठी, तिची चाल सगळं पाहून मान डोलावली होती. राहिली होती फक्त वैद्यकीय तपासणी. पूर्वी ती म्हातारे डॉक्टर घ्यायचे, त्यांच्या पद्धतीने, आणि त्यांच्यामागून आलेल्यांनीही तीच पद्धत चालू ठेवली होती. गावाच्या वरच्या अंगाला पाण्याची टाकी आहे, तीनशे बारा पायऱ्यांवर. तिथवर जायचं, यायचं, आणि खाली उभं राहून धाप न लागता एक आख्खं वाक्य बोलायचं. बोलता आलं तर पात्र. यंदापासून मात्र नवा नियम होता: रक्त तक्त्याप्रमाणे.

छटाकचं रक्त आईनेच काढलं. तेरा पॉइंट एक.

चार महिन्यांपूर्वीच खालून आलेला तरुण डॉक्टर वाईट नव्हता. त्याने आकडा पाहिला, तक्ता पाहिला आणि लिहिलं: अपात्र, रक्त कमी, सहा आठवड्यांनी फेरतपासणी, तेव्हाही कमी भरल्यास नाव रद्द.

घरी छटाक कागद टेबलावर ठेवून नुसती बसली. ही पोरगी नुसती बसलेली मावशीने याआधी पाहिली नव्हती.

"मी म्हणतच होते," मावशी म्हणाली. "तू लहानपणापासून अशक्त. उद्यापासून दोन गोळ्या."

"आई, काल मी बाबांचा पंप टाकीवर नेऊन ठेवला."

"म्हणूनच कमी झालं असेल रक्त!"

"ऐकलंत बाबा? पंप उचलला म्हणून रक्त आटलं."

नळवाले आपलं जरा वाकडं नाक पान्याजवळ नेऊन गंज खरवडत होते. "पंपाचं वजन अठरा किलो," ते म्हणाले. "मी दोनदा थांबतो वाटेत. ही नाही थांबली." मग बायकोचा चेहरा पाहून त्यांनी पुन्हा पान्यात डोकं घातलं.

सहा आठवडे छटाकने आईसमोर उभं राहून दोन दोन गोळ्या गिळल्या. फेरतपासणीच्या आदल्या दिवशी मावशीने घरच्या घरी चाचणी करून पाहिली. तेरा पॉइंट तीन.

नळवाल्यांनी तिला बाजूला घेतलं. "अगं, वही तुझ्या हातात, पेन तुझ्या हातात. तेराचे सोळा करायला कितीशी शाई लागते?"

"अहो, काय बोलताय!"

"मी नळवाला माणूस. पाणी वरून येत नसेल तर मी बाजूने पाइप टाकतो."

"आणि उद्या घाटात तिला चक्कर आली तर? खोट्या आकड्यावर मी तिला कड्यावर पाठवू?" मावशीचा आवाज चिरकला. ते खरं होतं आणि दुसरंही एक खरं होतं, जे तिने बोलून दाखवलं नाही: बावीस वर्षांत तिने एकही आकडा बदलला नव्हता, अगदी स्वतःचा वाईट आकडाही नाही.

तशीच ती दुपारी दवाखान्यात आली, दार ओढून घेतलं आणि जुन्या वह्या काढल्या. हेतू एवढाच, की छटाकचे लहानपणापासूनचे आकडे बघावेत, कधी तरी रक्त वाढलं होतं का. वाढलं नव्हतं. चौथ्या वर्षी, दहाव्या, सोळाव्या. गोळी असो नसो, तेराच्या आसपास. ती पानं उलटत होती आणि नजर पुन्हा पुन्हा समासातल्या खुणांवर जात होती. त्रिकोण, तेरा. त्रिकोण, चौदा. वर्तुळ, अठरा. वर्तुळ, एकोणीस. तिने वर्तुळं आठवायला सुरुवात केली. हा शिक्षक; डोकेदुखीने हैराण होऊन खाली गेला. हा ठेकेदार, पाय सुजले, स्ट्रेचरवरून नेला. ही स्वतः ती. मग त्रिकोण. ही दळणवाली, ऐंशीची, अजून पोती ओढते. हा पथकातला सगळ्यात जुना गडी, तेरा पॉइंट आठ, सदतीस माणसं काढून आणलेला. या सासूबाई. ही सुईण, तेरा. स्वतःची आठ बाळंतपणं, सगळी बाळं तीन किलोंच्या वरची.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. वीस वर्षं ज्यांना तिने अशक्त म्हणून गोळ्या दिल्या, ती सगळी गावातली सगळ्यात टणक माणसं होती. आणि तक्त्याप्रमाणे जी ठणठणीत, ती एकेक करून खाली पोचवावी लागली होती.

मावशीने सहा वह्या छातीशी धरल्या आणि वरच्या मजल्यावर डॉक्टरच्या खोलीत गेली. जिन्यात ती दोनदा थांबली.

"डॉक्टर, तो तक्ता आमच्या गावाला लागू नाही."

"मावशी, तक्ता खोटा आहे म्हणता?"

"खोटा नाही. तो माझ्यासाठी आहे. माझ्यासारख्या खालून आलेल्यांसाठी. उंचीवर आलं की आमचं रक्त दाट होतं, म्हणून कुणीतरी ठरवलं की उंचीवरच्या सगळ्यांचं दाटच असायला हवं. खाली बसून उंटावरून शेळ्या हाकल्या. इथल्यांचं रक्त पातळ राहतं आणि तेच त्यांचं बळ आहे. ते श्वास जास्त घेतात, त्यांच्या नसा मोकळ्या वाहतात, आईकडून बापाकडून तसंच येतं. बघा या वह्या."

डॉक्टरने वह्या चाळल्या. मग जरा अवघडून म्हणाला, "राग मानू नका. पण तुमची मुलगी आहे म्हणून तर हे..."

"हो, माझी मुलगी आहे म्हणूनच. दुसऱ्यांच्या मुलींना वीस वर्षं गोळ्या वाटल्या, तेव्हा मला शंका आली नाही. त्याची मला लाज वाटते. पण आता दिसलंय ते मी न दिसल्यासारखं करणार नाही." तिला धाप लागली. ती खुर्चीवर बसली आणि पुढे म्हणाली, "तुम्ही आलात तेव्हा तुमचं पंधरा होतं. परवा अठरा भरलं. तक्त्याप्रमाणे तुम्ही पैलवान झालात. आणि जिना चढताना तुम्ही मधल्या पायरीवर थांबून मोबाइल बघता. तो कशासाठी बघता, ते सगळ्या दवाखान्याला माहीत आहे."

डॉक्टर लाल झाला. मग हसला. मोबाइल त्याने उलटा करून टेबलावर ठेवला. "वह्यांवरून मी पात्र लिहू शकत नाही," तो म्हणाला. "पण उमेदवारांची प्रत्यक्ष चाचणी मागायचा अधिकार मला आहे. तुमचे जुने डॉक्टर उमेदवारांना काय करायला लावायचे?"

तिसऱ्या दिवशी सकाळी टाकीच्या पायथ्याशी पाच उमेदवार उभे राहिले. प्रत्येकाच्या पाठीवर पंधरा किलोची पिशवी. त्यांत एक रस्त्याच्या कामावर खालून आलेला तरुण होता. दंड असे की सुईमावशीलाही शीर शोधायला नको. सगळे त्याला पैलवानच म्हणत. त्याचं रक्त एकोणीस, तपासणीत पहिला. नळवाल्यांनी फाटकाचं कुलूप काढलं. पथकप्रमुखाने घड्याळ पाहिलं. डॉक्टर उमेदवारांवर नजर ठेवायला म्हणून आधीच चाळिसाव्या पायरीपर्यंत चढून गेला होता आणि तिथेच, नजर ठेवायला म्हणूनच, बसला होता.

शिट्टी झाली. पैलवान हरणासारखा सुटला. छटाक मागे, सगळ्यात शेवटी, बाजारात निघाल्यासारखी.

"अहो, ती मागे पडली," मावशी म्हणाली.

"बघ तू."

"तिचे ओठ दिसतायत का तुम्हाला? मला इथून दिसत नाहीत."

"पाठ दिसतेय तिची. पाठीला कुठे ओठ असतात?"

मावशीने नवऱ्याचा हात धरला आणि पायऱ्या मोजायला लागली. ऐंशीवर छटाकने एकाला मागे टाकलं. दीडशेवर दुसऱ्याला, मग तिसऱ्याला. तिची चाल तीच होती, वाढली नव्हती. बाकीच्यांची उतरत होती. दोनशे दहावर पैलवान थांबला. कमरेवर हात. छटाक त्याच्या बाजूने गेली, काहीतरी बोलली, त्याने मान हलवली. ती टाकीला हात लावून वळली तेव्हा खालून लोकांनी आरोळी दिली. आणि तेवढ्यात पैलवान पायरीवर बसला, मग आडवा झाला.

पथकप्रमुख धावायला निघाला, पण छटाक आधीच तिथे पोचली होती. तिने त्याची पिशवी काढून स्वतःच्या छातीवर अडकवली. त्याला बसतं केलं, उभं केलं, त्याचा हात स्वतःच्या मानेवरून घेतला, आणि पाठीवर एक पिशवी, छातीवर एक पिशवी, खांद्यावर अर्धा पैलवान असं ते लटांबर पायरी पायरी उतरायला लागलं. आणि ती बोलत होती! दोनशे पायऱ्या तिची टकळी अखंड चालू होती.

"...आणि मग तो गवंडी म्हणाला, मावशी, आकडा बायकोला विचारून सांगतो. हसू नकोस रे, हसलास की जड होतोस. डावा पाय. हां. आता बघ, खाली ती निळ्या स्वेटरची बाई दिसतेय ना, बाबांचा हात मोडणारी? ती आपली तोंडं तपासणार आहे. तुझे ओठ निळे आहेत, तक्त्याप्रमाणे तू ठणठणीत, तू वाचलास. माझे लाल आहेत, माझी काही खैर नाही."

खाली आल्यावर तिने पैलवानाला हळूच बाकावर ठेवलं, दोन्ही पिशव्या उतरवल्या आणि पथकप्रमुखासमोर उभी राहिली. "आख्खं वाक्य बोलायचं होतं ना? कुठलं बोलू?"

"पुरे झालं की!" पथकप्रमुख म्हणाला. "आता एखादं कमी बोल."

टाकीच्या पायथ्याशी जो हशा उसळला, तो म्हणे बाजारापर्यंत ऐकू गेला. दळणवाली टाळ्या पिटत होती. सासूबाई ज्याला त्याला सांगत होत्या, "आमची अशक्त नात बरं का!" चाळीस पायऱ्या सावकाश उतरून डॉक्टर आला. त्याने पैलवानाला प्राणवायू लावला, मग छटाकची नाडी धरली. बराच वेळ धरून ठेवली. मग सगळ्यांसमोर फाइल गुडघ्यावर ठेवून, 'अपात्र' या शब्दातला पहिला 'अ' खोडला आणि खाली सही केली.

मावशी मुलीजवळ गेली. सवयीने तिची हनुवटी धरून ओठ पाहिले. मग हनुवटी सोडायची विसरली. चोवीस वर्षांनी पहिल्यांदा तिला दिसलं की ही उंच मुलगी आहे, आपल्यापेक्षा अर्धा हात उंच, आणि आपण वर बघून तिच्याशी बोलतोय.

डॉक्टरने वह्यांच्या नकला खालच्या कार्यालयाला पाठवल्या. चार महिन्यांनी उत्तर आलं: या गावातल्या डोंगरी घरांना तो तक्ता लावू नये, गोळ्या गरज पाहूनच द्याव्यात. पैलवान महिनाभर खाली राहून बरा झाला आणि आता पथकाच्या खालच्या ठाण्यावर वायरलेस सांभाळतो. छटाक घाटातून बोलली की तो आधी विचारतो, "किती जण खांद्यावर?" मावशीचं स्वतःचं रक्त डॉक्टरने काढून घेतलं, बाटलीभर, आणि दर वर्षी दोन महिने खाली जाऊन राहायची सक्ती केली. सुई टोचताना त्याने विचारलं, "मावशी, मुलं किती तुम्हाला?"

"एकच," मावशी म्हणाली. "पण ती पुष्कळ आहे."

पत्र आलं त्या दिवशी छटाक घाटातून थेट दवाखान्यात आली. दोन गाड्या आणि सात माणसं काढून आली होती. बुटांना अजून बर्फ होता. मावशी स्टुलावर चढून तक्त्याचे खिळे उपटत होती.

"आई, उतर, मी काढते."

"मी लावला, मीच काढणार."

तक्ता निघाला. मागे भिंतीवर स्वच्छ पांढरा चौकोन राहिला. छटाक स्टुलाला टेकून उभी राहिली. "एक सांगू? रागवायचं नाही. आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीखालचा तो तांबडा दगड आहे ना?"

"गंजलेला? पाइप गळतोय तिथे."

"पाइप नाही गळत. सातवीपर्यंतच्या गोळ्या आहेत त्या."

मावशीने तिच्याकडे पाहिलं. मग इतकी हसली, इतकी हसली की धाप लागून तिला खाली बसावं लागलं. श्वास जागेवर आल्यावर तिने सगळ्यात जुनी वही ओढली, छटाकचं पान काढलं आणि बावीस वर्षं रिकाम्या असलेल्या जागेत, नावापुढे, पेन दाबून एक त्रिकोण काढला. घाईत एक बाजू जरा वाकली.

छटाक वाकून बघत म्हणाली, "नाक अगदी बाबांचं आलंय."